चार पाऊण तीन

हरिहरेश्वरला काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट सुरू होते, तिथे एक मावशी कोकम सरबताच्या बरण्या मांडून बसलेल्या असतात. गेल्या पौषात आम्ही तिथे पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बरोबर दादा, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, असे तिघे होते. संकष्टीचा दिवस असल्यामुळे सकाळी आधी दिवेआगरच्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आणि मग इकडे यायचे असे ठरले होते, पण तिथल्या रांगेत चांगला तास-दीड तास मोडला होता. आम्ही पायऱ्यांकडे वळतो आहोत असे पाहून मावशींनी सरबत हवे का, असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "आज तिथी कुठली, ताई?" मला हसू आले. "संकष्टी आहे, माझा उपास आहे," मी म्हणाले. "मग तीनला भरती," त्या म्हणाल्या. मी घड्याळ पाहिले आणि सांगितले, "तीनला ना? मग साडेतीन तास आहेत अजून, आम्ही अर्ध्या तासात येतो." हातातला ग्लास विसळता विसळता, माझ्याकडे न बघताच, त्या म्हणाल्या, "तीनला पुरी होते, तीनला लागत नाही." यावर मी जे उत्तर दिले, ते वाक्य त्यानंतर कित्येक महिने मला रात्री झोप लागण्याच्या सुमारास आठवत राहिले. मी म्हणाले, "माहीत आहे हो मावशी, आम्ही इकडचेच आहोत."

आम्ही इकडचेच आहोत, हे मी पुण्याहून गाडी घेऊन आलेली, पायात नवे स्पोर्ट्स शूज घातलेली बाई सांगत होते.

ती वाट ज्यांनी चालून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की आधी टेकडी चढावी लागते आणि मग दोन कड्यांमधल्या अरुंद चिरेतून उभ्या पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. त्या चिरेत वारा कोंडलेला असतो, लाटांचा आवाज खालून वर येतो आणि शेवटच्या वळणापर्यंत पाणी दिसत नाही. आम्ही उतरलो तेव्हा पाणी लांब वाटले. खडकाचा सपाट ओटा बराचसा उघडा होता, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेल्या कड्यावर ऊन चमकत होते, आणि आमच्याआधी गेलेले एक कुटुंब पुढे फोटो काढत उभे होते. त्यांच्यामुळेही धीर आला असावा. समुद्रावर माणसे पाण्याकडे कमी आणि इतर माणसांकडे जास्त पाहतात. पाच-सात मिनिटे काहीच झाले नाही. मग अर्ध्या वाटेवर जिथे खडकात एक आडवी घळ आहे, तिथे पाणी कुठल्याही गाजावाज्याशिवाय वर आले, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि परत जाताना त्याने भाच्याची एक चप्पल आणि त्याचे दोन्ही पाय एकदमच ओढले. दादाने त्याला दंडाला धरून उचलले. मी तोल सावरण्यासाठी खडकाला हात टेकला आणि त्यावरच्या कालवांच्या धारदार कडांनी तळवा चिरला गेला. त्यामागोमाग आणखी दोन लाटा आल्या. एकूण प्रकार तीन मिनिटांचा होता. पुढचे कुटुंब पलीकडच्या बाजूने धावत निघून गेले, आम्ही मागे फिरलो, पायऱ्या चढलो, आणि भिजलेल्या कपड्यांनी पुन्हा त्याच मावशींसमोर येऊन उभे राहिलो. त्यांनी काही विचारले नाही. सरबतासाठी भरून ठेवलेल्या गोड्या पाण्यातला एक तांब्या माझ्या हातावर ओतला, भाच्याला सरबत दिले, आणि त्याचे वीस रुपये घेतले.

त्यांनी काही बोलून घेतले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

माझे आजोळ अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातले. आजोबांची थोडी खारजमीन होती आणि त्या जमिनीमुळे आमच्या घरात समुद्राचा हिशेब दुधाच्या हिशेबासारखा रोजचा होता. शाळेत आम्हाला पाढे तीसपर्यंत होते, पण आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळे येत असे, आणि त्यातली पाऊणकी त्यांनी आम्हा नातवंडांकडून ओटीवर बसवून पाठ करून घेतली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. बाकीचे अपूर्णांकांचे पाढे सोडून हाच का, हे आम्ही कधी विचारले नाही. पुढे एकदा त्यांनी कालनिर्णयाच्या पानावर बोट ठेवून विचारले, "आज अष्टमी. आठ पाऊण?" मी म्हणाले, "सहा." "मग सहाला भरती. सकाळी आणि संध्याकाळी," ते म्हणाले, आणि तो पाढा कशासाठी होता ते एका क्षणात उलगडले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेला खरे तर सव्वाअकरा यायला हवेत, पण ते बारा म्हणत. मी हट्टाने विचारले, तेव्हा म्हणाले, "पाऊणकी रोज थोडी मागे राहते, ती पुनवेला पुरी करून घ्यायची." त्यामागचा हिशेब मला फार नंतर कळला. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण तास धरला तर दर तिथीला तीन मिनिटे सुटतात आणि पौर्णिमेपर्यंत त्यांची पंचेचाळीस होतात. सव्वाअकरात तेवढी मिळवली की बरोबर बारा. आजोबांनी उरलेली मिनिटे पौर्णिमेच्या पदरात टाकून दिली होती.

हे गणित हौसेचे नव्हते. खारजमिनीचे सगळे जगणे बांधावर असते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मध्ये माती-दगडाचा, गुडघाभर चिखलातून रचत आणलेला बांध. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात उघाडी असते. ओहोटीला तिची झडप आतल्या पाण्याच्या रेट्याने बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरतीला खाडीच्या रेट्याने आपोआप मिटते. म्हणजे भरतीच्या तासांत पाऊस कितीही पडला तरी तो शेतातच थांबणार. पावसाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण येते, त्यातही सर्वांत मोठे पाणी नेमक्या पुनवेला येत नाही, दिवस-दोन दिवसांनी येते, आणि या दिवसांत रात्रीपेक्षा दुपारची भरती मोठी असते. आजोबांना हे सगळे ठाऊक असे, तरी उधाणाच्या रात्रीही ते कंदील घेऊन बांधावर फेरी मारून येत. एका रात्री "खांड गेली" अशी हाक आली आणि घरातले सगळे पुरुष पेंढ्याचे भारे घेऊन धावले, एवढे मला आठवते. सकाळी पाहिले तेव्हा बांधाला आठ-दहा हातांची खांड पडली होती आणि भाताच्या खाचरात खारे पाणी स्थिर उभे होते, इतके स्वच्छ की त्यात आभाळ दिसत होते. मला ते सुंदर वाटले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षे त्या खाचरात भात नीट आला नाही, आणि आजी त्या सुंदर पाण्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, तेव्हा दूरदर्शनवरची दृश्ये पाहताना मला आजोबांची ती झडप आठवली. शहराच्या सगळ्या नाल्यांची तोंडे समुद्राने बाहेरून मिटून धरली होती.

आजी तिच्या जागी वेगळा हिशेब ठेवत असे. उधाणाच्या दिवसांत जशी भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडक त्या दिवसांत उघडे पडतात आणि कालवे काढायला मिळतात. मी तिच्याबरोबर दोन-तीनदा गेले आहे. ती लोखंडी पात्याने कालव उघडायची, बोटाच्या टोकाने आतला गर अलगद भांड्यात सोडायची, आणि हे करताना तिची पाठ कधीही पूर्णपणे समुद्राकडे नसायची. बसायची ती थोडी तिरकी. खडकात एक खळगा होता, त्यात पाणी शिरले की निघायचे, असा तिचा नियम होता. त्या वेळी भांडे अर्धे असो की रिकामे असो. मला आठवते, की एकदा समोरच मोठ्या कालवांचा एक झुबका दिसत होता, मी म्हटले, "आजी, तेवढी काढूया ना," आणि तिने माझ्या हातातून पाते काढून घेतले. ती रागावली नव्हती. तिने फक्त त्या खळग्याकडे मान वळवून दाखवली. खळग्यात ताजे पाणी गोल फिरत होते.

ज्या कालवांच्या कडांनी हरिहरेश्वरला माझा हात कापला, ती कालवे पाण्याची पातळी रोज कुठवर येते हे सांगत तिथेच बसलेली होती. कोरड्या खडकावर कालव जगत नाही. मला ती खडकाचा खडबडीतपणा म्हणून दिसली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पंचांग काढून बसले, कारण मावशींनी सांगितलेले तीन आणि आम्हाला भेटलेले पाणी यांचा मेळ लागत नव्हता. तेव्हा लक्षात आले, की संकष्टी धरतात ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी, आणि त्या दुपारी तर अजून तृतीयाच चालू होती. तीन पाऊण सव्वादोन. फोनवरच्या वेळापत्रकात त्या भागातली भरती दोन वीसला दाखवली होती. म्हणजे साडेअकराला आमच्या हाती साडेतीन नव्हे, तर तीन तासही नव्हते. पण खरी चूक त्या पाऊण तासाची नव्हतीच. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. चढण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब खलाशी लोक करतात. उधाणाच्या सुमाराचा चढउतार तीन मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत दीड मीटर, म्हणजे मिनिटाला सव्वा सेंटिमीटर पाणी चढते. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण पुळणीचा उतार शंभराला एक असेल तर त्याच सव्वा सेंटिमीटरने पाण्याची कड मिनिटाला सव्वा मीटर आत येते, आणि आपण चटई उचलून, चपला शोधून, मुलांना हाका मारेपर्यंत पाच मिनिटे तर कुठेच जात नाहीत. आम्ही पायऱ्या उतरलो ते नेमके या मधल्या दोन तासांत. भरतीला साडेतीन तास आहेत असे म्हणत आम्ही तिच्या सर्वांत वेगवान तासात शिरलो होतो, आणि मावशी जे सहा शब्दांत सांगत होत्या ते हेच होते.

या वेळापत्रकांबद्दल मला आदर आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे, आणि १८७९ साली लंडनमध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांची भरती वर्तवण्यासाठी एक पितळी यंत्र तयार झाले होते. चंद्र-सूर्याच्या एकेका चालीसाठी एकेक चाक, आणि सगळ्या चाकांवरून ओवलेली एकच तार, जी शेवटी कागदावरची लेखणी वरखाली करी. आजोबांच्या ओटीवरची पाऊणकी त्याच यंत्राची गरीब बहीण होती. गंमत अशी, की हे सगळे आता माझ्या हातातल्या फोनमध्ये आहे, आणि आमच्या पिढीत कोणाच्याही अंगात नाही. उपास म्हणून मला तिथी ठाऊक होती, चंद्रोदय किती वाजता आहे हेही मिनिटासकट ठाऊक होते, साबुदाणा भिजत घालून निघाले होते, पण त्या चंद्राचा आणि समोरच्या पाण्याचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात त्या क्षणी नव्हते.

दादाचे एक प्रकरण आहे, ते त्याच्या परवानगीने लिहिते. काही वर्षांपूर्वी त्याने रायगडातल्याच एका किनाऱ्यावर मित्रांच्या आग्रहाने गाडी थेट पुळणीवर नेली होती. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते, टायर उमटतसुद्धा नाहीत, त्यामुळे माणसाला भूल पडते. पाणी यायला लागले की आधी वाळूच्या पोटातले पाणी चढते, वरून काही दिसत नाही, आणि तीच टणक वाळू चाकांखाली भिजलेल्या रव्यासारखी होते. जितका ॲक्सिलेटर दाबावा तितके चाक खाली. शेवटी गावातल्या एकाने ट्रॅक्टर आणला, दोराला दोर जोडला आणि गाडी निघाली, तेव्हा पाणी दारांना लागले होते. ट्रॅक्टरवाल्याने त्याला एवढेच विचारले होते म्हणे, की आलात तेव्हा कोणाला विचारले का नाही. उलट अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात नेणारे टांगेवाले पाहावेत. ओहोटीला लोक चालत किल्ल्यात जातात, पाणी चढू लागले की टांगे चाकभर पाण्यातून ये-जा करतात, आणि एका ठरावीक क्षणी टांगेवाला घोडा सोडून मोकळा होतो. मग कोणी कितीही पैसे देऊ करो, तो जात नाही. किल्ला बघत बसलेल्यांना तो निघण्याआधी हाक मारतो, आणि ज्यांना ती हाक किरकोळ वाटते ते आत राहतात.

इथवर लिहिले ते सगळे भरतीचे झाले, आणि भरतीचा हिशेब निदान करता तरी येतो. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट या हिशेबात बसत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी तिथी कोणती होती ते मी नंतर पंचांगात पाहिले. माघ महिना लागायचा होता, पौषातली वद्य अष्टमी होती. म्हणजे भांग. चंद्र आणि सूर्य एकमेकांशी काटकोनात, पाण्याचा चढउतार लहान. आजोबांच्या भाषेत निवांत दिवस. मी ते पान बराच वेळ उघडे ठेवून बसले होते. माणूस बुडायला उधाण लागत नाही, एवढे त्यातून कळले, आणि आजोबांच्या पाढ्याबद्दल मला जो अभिमान होता त्याला थोडा तडा गेला.

त्यानंतर एकदा गोव्यात, भर उन्हात मचाणावर बसलेल्या एका जीवरक्षकाशी बोलण्याचा योग आला. तिथे २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले गेले आहेत आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहावे, लाल झेंडा असेल तिथे उतरू नये, एवढे सगळ्यांनाच वाचून माहीत असते. मी त्यांना विचारले, की माणसे नेमकी कुठे जातात. त्यांनी समुद्राकडे बोट केले आणि मलाच विचारले, "तुम्ही उतरलात तर कुठे उतराल?" मी पाहिले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या, मध्ये दहा-पंधरा पावलांचा एक शांत, किंचित गढूळ पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती. मी तो पट्टा दाखवला. ते म्हणाले, "सगळे तिथेच उतरतात. तीच ओढ." किनाऱ्याकडे आलेले पाणी कुठून तरी परत जायलाच हवे, वाळूच्या दोन उंचवट्यांमधून त्याला सखल वाट सापडली की ते सगळे तिथूनच बाहेर धावते. लाट फुटत नाही कारण तिथे खोली आहे, आणि शांत दिसते कारण पाणी आपल्यापासून लांब चालले आहे. ही ओढ जोरात असली तर सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने नेते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्या उलट येता येत नाही. पण ती खाली ओढत नाही, बाहेर ओढते, हे त्यांनी दोनदा सांगितले. माणूस किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत राहतो, दमतो, आणि दमून बुडतो. त्याऐवजी अंग पाण्यावर टाकावे, हात वर करावा, आणि सुटायचे तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, कारण ओढीचा पट्टा अरुंद असतो. "आणि मित्र बुडतोय म्हणून दुसऱ्याने उडी टाकायची नाही," ते म्हणाले. "रिकामा कॅन टाका, दोर टाका, काहीही तरंगणारे टाका. एक जातो तिथे त्याच्या मागे चार जातात."

मी विचारले, भरतीला ओढ जास्त की ओहोटीला. पाणी उतरत असताना आणि उतरल्यावर जास्त सांभाळावे लागते, कारण तेव्हा वाळूचे उंचवटे वर येतात आणि पाण्याला जायला तेवढ्याच वाटा उरतात, असे ते म्हणाले. माझ्या आजोळच्या शिकवणीत ओहोटी म्हणजे सुरक्षित वेळ होती. खडकावर कालवे काढणाऱ्या बाईसाठी ती सुरक्षितच असते, आणि त्याच तासाला पुळणीवर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलासाठी नसते. घरी परतताना मला आणखी एक गोष्ट आठवली. आजोबांना पोहता येत नव्हते. ते गेल्यावर आईकडून मला हे कळले होते आणि तेव्हा ते अविश्वसनीय वाटले होते. आयुष्य पाण्याच्या कडेला काढलेला तो माणूस घोट्याच्या वर कधी समुद्रात शिरला नव्हता. आपल्याला पाण्याची भीती नाही असे आम्ही जे समजत होतो, ते कदाचित उलटे होते. त्यांना भीती होती आणि पाऊणकी हा त्या भीतीचाच नीटनेटका पाढा होता.

भाच्याला मी तो पाढा शिकवला. दादाच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो आता रोज सकाळी तिथीखाली पेन्सिलीने वेळ लिहितो, पुण्यात, जिथे भरती मुठा नदीलासुद्धा येत नाही. त्यानेच यंदाच्या मे महिन्यात पुन्हा हरिहरेश्वरला जायचा हट्ट धरला. चप्पल गेलेली जागा त्याला बघायची होती. वैशाख शुद्ध दशमी होती. गाडीतच त्याने जाहीर केले, "दहा पाऊण साडेसात. म्हणजे दीडला ओहोटी. आपण बाराला उतरायचं, तेव्हा पाणी बाहेरच चाललेलं असेल." मला त्याचा हिशेब कुठेच खोडता आला नाही. शिवाय भांगाचे दिवस, म्हणजे उधाणाची भीती नाही. मी मनातून खूश होते, आणि ही खुशी मला माझ्या जुन्या वाक्याच्या फार जवळची वाटत होती, म्हणून गप्प राहिले.

मावशी तिथेच होत्या. त्यांनी आम्हाला ओळखले नाही, ओळखायचे कारणही नव्हते. त्यांनी विचारले, "आज तिथी कुठली?" भाच्याने एका दमात सगळे सांगितले, पाढा, भरती, ओहोटी, भांग. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पण भांगाला पाणी चढत नाही तसं उतरतपण नाही रे बाळा. खडक पुरता उघडा पडायचा नाही." हे मला कळायला हवे होते. आजी कालवांना भांगाच्या दिवशी कधीच जात नसे. "आणि दर्या दोन दिवस फुगलाय," त्या पुढे म्हणाल्या. मी झाडांकडे पाहिले, वारा नव्हता, एक पान हलत नव्हते. मे महिन्यात कधी कधी हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला उठलेल्या वादळांच्या लाटा कित्येक दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतात, इथे वारा असो वा नसो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते आणि केरळात अशा पाण्याला कल्लक्कडल, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, असे नाव आहे. मी त्या दिवशीचा इशारा पाहिलेला नव्हता. मावशींनी समुद्र पाहिला होता.

त्यांनी बरण्यांवर फडके टाकले आणि त्या आमच्याबरोबर टेकडी चढून आल्या. चिरेच्या माथ्यावर, जिथून शेवटच्या पायऱ्या आणि खालच्या खडकाचा एक तुकडा दिसतो, तिथे त्यांनी भाच्याला बसवले. "ती खालची पायरी दिसते ना? ती कोरडी राहते का बघ," एवढे सांगून त्या गिऱ्हाईक आले म्हणून परत गेल्या. भाच्याने माझे घड्याळ मागून घेतले. पायरी कोरडी होती. खडकावर पाणी येत होते आणि जात होते, पण पायरीपासून दूर. दोन मिनिटे झाली, चार झाली. खाली उतरायच्या तयारीने आलेले दोघे-तिघे आमच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, की जायला काय हरकत आहे. माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हते. सहा मिनिटे झाली, सात झाली. "आत्या, मला वाटतं थांबलं," भाचा म्हणाला. आठव्या मिनिटाला खालून तो कोंडलेला आवाज आला, पायरी दिसेनाशी झाली, तिच्यावरची दुसरीही दिसेनाशी झाली, आणि पाणी ओसरल्यावर दोन्ही पायऱ्या काळ्याभोर ओल्या चमकत होत्या. त्याने कॅलेंडरची पेन्सिल खिशातून काढली आणि हाताच्या तळव्यावर आठ लिहिले.